आबा उठले

१

आबा गेल्याचं चिमीने वरून ओरडून सांगितलं नाही. ती सावकाश जिना उतरून आली, शेवटच्या पायरीवर थांबली आणि मला म्हणाली, "ताई, आबा बोलत नाहीयेत." तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आमचा कानांचा दवाखाना आहे. म्हणजे मालक आबा. मी तिथे लोकांची श्रवणतपासणी करते. मशीन लावून कोणाला किती ऐकू येतं ते सांगायचं, एवढंच माझं काम. आबांनी दवाखाना काढला, वय झाल्यावर तो मुलाच्या हाती दिला आणि स्वतः वरच्या मजल्यावर राहायला गेले. मुलाला आम्ही नुसतं डॉक्टर म्हणतो. आबांचं खुब्याचं हाड मोडलेलं, त्यामुळे काठीशिवाय पाऊल टाकता येत नसे. चिमी माझी धाकटी बहीण. आबांचं औषधपाणी, खाणंपिणं तीच बघायची, आणि ही नोकरी तिला मीच लावून दिली होती.

त्या दिवशी दुपारी पेशंट कमी होते. बाहेरच्या खोलीत काउंटरवाली मुलगी अपॉइंटमेंटचे फोन लावत होती. साचेवाले काका, म्हणजे कानात बसवायच्या मशीनचे साचे करणारे आमचे कारागीर, त्यांच्या खोलीच्या दारात चष्मा पुसत उभे होते. डॉक्टर तिथेच तपासणीचा मोठा स्पीकर उघडून बसले होते. हल्ली तो खरखरतो म्हणून त्यांनी त्यातून नुसता सूंऽऽ असा आवाज सोडला होता. आम्ही असा आवाज एका कानात सोडून दुसरा कान तपासतो. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय की कोणी मान वर करून बघितलंही नाही.

मग डॉक्टर छताकडे बघून म्हणाले, "आबा उठले."

मी कान दिला. पाऊल, पाऊल, काठी. पाऊल, पाऊल, काठी. दुपारची झोप झाली की आबा पलंगापासून खिडकीपाशी जात आणि तिथल्या खुर्चीत बसत. मी मागच्या ओट्याकडे तोंड करून हाक मारली, "चिमे, आबा उठले गं. चहा ने वर."

चिमी चहा घेऊन गेली. बराच वेळ झाला तरी खाली आली नाही. मी मनात म्हटलं, बसली असेल गप्पा मारत. आणि मग ती आली ती अशी.

आबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. एसी इतका वाढवलेला होता की माझ्या अंगावर काटा आला. पोलिसांच्या डॉक्टरांनी आबांच्या पापण्या उलटून पाहिल्या, ओठावरून कापसाचा एक धागा चिमट्याने उचलला आणि हलकेच म्हणाले, "उशी दाबलीय कोणीतरी."

वर जायला एकच जिना. तो बाहेरच्या खोलीतून, आमच्या सगळ्यांच्या नाकासमोरून जातो. आबांना चालताना आम्ही ऐकलं, आणि त्यानंतर त्या जिन्यावर एकटी चिमी चढली होती.

२

इन्स्पेक्टर आले ते दोन्ही कानांत मशीन घातलेले. समोरच्याच्या ओठांकडे टक लावून बघत. एरवी मला हसू आलं असतं. कानांच्या दवाखान्यात खून, आणि तपासाला अर्धा बहिरा माणूस.

"बाई, हसू नका," ते म्हणाले. मी हसले नव्हते. "माझं मशीन सकाळपासून शिटी मारतंय. तुम्ही जवळ बसा आणि मला कळलं नाही तर मोठ्याने सांगा. तुम्ही संशयिताची बहीण आहात, हे मला माहीत आहे. पण इथे दुसरं कोण आहे?"

अशी मी त्या जबान्यांना बसले. बसायला नको होतं असं नंतर हजारदा वाटलं.

काउंटरवाली रडून रडून लाल झाली होती. "मी ऐकलं ना साहेब. पाऊल, पाऊल, काठी. पलंगाकडून खिडकीकडे गेले. रोज जातात तसे."

"काठी नक्की?"

"टक टक वाजते ती. झोपेतसुद्धा ओळखेन मी."

मीही तेच सांगितलं होतं. सही करून दिलं होतं. खोटं बोलायची अक्कल सुचायच्या आधीच खरं बोलून मोकळी झाले होते.

डॉक्टर खुर्चीत ताठ बसून उत्तरं देत होते. जेवणाच्या सुट्टीत दवाखाना बंद असतो. आम्ही सगळे बाहेर गेलो, चिमी बाजारात गेली, तेव्हा ते स्वतः वर जाऊन आबांना गोळ्या देऊन आले. आबा झोपले. त्यानंतर ते खालीच होते, त्याला आम्ही सगळे साक्षीदार. "मला कोणावर आरोप करायचा नाही," ते म्हणाले, "पण आबा तिच्यावर नाराज होते. तिला काढणार होते. आणि ती इतका वेळ वर काय करत होती, हे तुम्ही तिलाच विचारा."

चिमीला विचारलं होतंच. पुन्हा पुन्हा विचारलं. ती खाली बघायची आणि गप्प बसायची. 'काही नाही, बसले होते,' याच्यापलीकडे एक अक्षर नाही. मला राग आला, खरं सांगते. असं तोंडाला कुलूप लावून बसल्यावर कोण विश्वास ठेवणार?

शेवटी साचेवाले काका आले. त्यांनी आधी आबांसाठी डोळे पुसले. "देवमाणूस होता. परवाच मला वर बोलावून विचारत होते, त्या शाळकरी मुलीच्या कानाचे साचे कोणाच्या सांगण्यावरून केलेस म्हणून. मी म्हटलं, डॉक्टरांच्या. फार बेचैन झाले होते ते. म्हणाले, तिचे कान चांगले आहेत रे."

इन्स्पेक्टरांनी मान हलवली. "पावलं ऐकलीत?"

"ऐकली की. पण बिचारे भिंतीला धरून चालत होते. फरफटत."

"आणि काठी?"

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "काठी कशी वाजेल साहेब? काठी माझ्याकडे होती. मूठ तडकली म्हणून चिमीने सकाळीच आणून दिली. साच्याचा मसाला घालून मूठ बसवत होतो, अजून सुकतेय ती आत."

इन्स्पेक्टर उठून आत गेले आणि काठी घेऊन आले. मुठीला अजून दोरा गुंडाळलेला होता. जी काठी सकाळपासून खाली होती, ती मी वर वाजताना ऐकली होती.

३

दुसऱ्या दिवशी चिमीला चौकशीसाठी नेलं. जाताना तिने माझ्याकडे वळून पाहिलं. मी दारात उभी राहून जीप वळेपर्यंत बघत राहिले. आई गेली तेव्हा तिला माझ्या पदरात टाकून गेली होती, आणि मी माझ्याच सहीने तिला जीपमध्ये बसवलं होतं.

इन्स्पेक्टर मागे थांबले होते. "काठीचं सोडा," ते म्हणाले. "म्हातारा भिंत धरून चालला असेल, तुम्हाला सवयीने काठी ऐकू आली असेल. पावलं तर तिघांनी ऐकली. आमच्यात म्हणतात, खऱ्याखोट्यात चार बोटांचं अंतर, कान आणि डोळ्यांमधलं. पण तुम्ही पडलात कानांचे तज्ज्ञ. तिघे तज्ज्ञ एकदम कसे चुकतील?"

ते जरा ओशाळून म्हणाले, "बाई, एक काम होतं. या मशीनचं काहीतरी करा हो. तुमची वेळ नाही ही, कळतं मला."

हाताला काम हवंच होतं. मी त्यांना तपासणीच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, नाही आला तर नाही. काचेच्या अलीकडे मी मशीनवर बसले.

आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. आवाज एका तालात सोडायचा नाही. मध्येच थांबायचं, मध्येच लागोपाठ दोन सोडायचे. मी इतकी वर्षं ते पाळत आले. त्या दिवशी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मी घड्याळासारखी सोडत गेले, बीप, बीप, बीप. आणि मध्येच चिमीचा चेहरा डोळ्यांपुढे आला, डोळे भरून आले, आणि माझा हात बटणावरून खाली गेला.

मशीनवरचा दिवा लागला. इन्स्पेक्टरांनी बटण दाबलं होतं.

पुन्हा लागला. पुन्हा. मी काहीही सोडत नव्हते. हात मांडीवर होते, आणि काचेपलीकडे तो माणूस डोळे मिटून, अगदी एकाग्र चेहऱ्याने, एका तालात बटण दाबत होता. पेशंट असं करतात हे मला माहीत होतं, पण त्याची भीती आजवर कधी वाटली नव्हती.

मी दार उघडलं. "साहेब, शेवटचे आवाज ऐकलेत तुम्ही?"

"बारीक होते. पण ऐकले."

"मी सोडलेच नाहीत."

ते चिडले. "काहीतरी काय. मी स्वतः ऐकले ना."

"तेच म्हणतेय मी. मीही स्वतः ऐकलं होतं." "साहेब, जिला काठी वर आहे असं वाटत होतं, तिला काठी ऐकू आली. मला आली, काउंटरवालीला आली. काकांना माहीत होतं काठी खाली आहे, तर त्यांना काठीविना पावलं ऐकू आली. आवाज एकच असता तर असं झालं असतं? ज्याच्या डोक्यात जे होतं ते त्याला ऐकू आलं. डोकं आधीच ठरवून बसतं काय येणार ते, आणि कानांकडून नुसती हो म्हणून मान हलवून घेतं. खोलीत सूंऽऽ आवाज भरून राहिला होता. अशा आवाजात सांगाल ते ऐकू येतं, भजन म्हणा, रडणं म्हणा."

इन्स्पेक्टर हळूच हेडफोन काढत होते. "म्हणजे वर कोणी चाललंच नाही."

"ज्या माणसाला काठीविना पाऊल टाकता येत नाही, तो खिडकीपर्यंत गेला कसा? त्याला खुर्चीत नेऊन बसवलं कोणीतरी. आधीच. मारून." आणि मला त्या दुपारचा आवाज आठवला, छताकडे बघून म्हटलेले ते दोन शब्द. ते म्हणणारा माणूस आत्ता शेजारच्याच खोलीत बसला होता.

४

दार लावून घेऊन आम्ही कुजबुजत बोललो. बहिऱ्या माणसाशी कुजबुजणं म्हणजे काय दिव्य असतं ते सांगत नाही.

"हे सगळं तर्कावर आहे," ते म्हणाले. "कोर्टात तो म्हणेल, आम्ही ऐकलं. तुमची सही आहे. उशीवर त्याच्या हाताच्या खुणा सापडतील, पण बापाला रोज उशी देणारा मुलगाच तो."

"मग दाखवू या," मी म्हटलं. चुकलं असतं तर डॉक्टर सावध झाले असते आणि चिमी कायमची गेली असती.

दुपारी मी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं. साहेबांना सगळं त्या दिवशीसारखं मांडून बघायचंय, असं सांगितलं. काउंटरवाली काउंटरवर, काका दारात, डॉक्टर स्पीकरजवळच्या खुर्चीत. जिन्यापाशी एक हवालदार उभा होता. त्यालाही आम्ही काही सांगितलं नव्हतं.

"इन्स्पेक्टर कुठायत?" डॉक्टरांनी विचारलं.

"वर. आबांची खोली बघतायत मघापासून."

मी स्पीकर चालू केला. सूंऽऽ करून खोली भरली. मी हळूच छताकडे पाहिलं आणि म्हटलं, "साहेब निघालेले दिसतात."

काउंटरवालीने वर पाहिलं. काकांनी पाहिलं. "बूट घालून फिरतायत आबांच्या खोलीत," काका पुटपुटले. "खिडकीकडे गेले," काउंटरवाली म्हणाली. हवालदार तर सावरून उभा राहिला, साहेब आता जिना उतरणार म्हणून. आणि देवाशपथ, मलाही बूट ऐकू आले. सगळं मीच रचलं होतं, तरी ठक, ठक असे बूट माझ्या डोक्यावरून गेले. त्या क्षणाइतकी मी आयुष्यात कधी घाबरले नाही.

डॉक्टर मात्र वर बघत नव्हते. ते स्पीकरकडे बघत होते. खुर्चीचे हात त्यांनी घट्ट धरले होते.

"बंद करा ते," ते म्हणाले.

रस्त्याकडचं दार ढकलून इन्स्पेक्टर आत आले. काउंटरवालीच्या हातातून फोन पडला. काकांनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि मटकन खाली बसले. साहेब सकाळपासून वर गेलेच नव्हते. इतका वेळ ते रस्त्यापलीकडे जीपमध्ये बसून खिडकीतून आम्हाला बघत होते.

"डॉक्टर," इन्स्पेक्टर समोर खुर्ची ओढून बसले, "सगळ्यांनी वर पाहिलं. माझ्या हवालदारानेसुद्धा. तुम्ही नाही पाहिलंत."

"वर कोणी नव्हतंच तर का बघू?"

"पण तेव्हा कोणी नव्हतं हे तुम्हाला कसं कळलं?"

मी स्पीकर बंद केला. शांतता पसरली तशी काउंटरवाली रडव्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी 'आबा उठले' असं तुम्हीच म्हणालात, डॉक्टर. मी त्याच्याआधी काही ऐकलं नव्हतं. तुम्ही म्हणालात म्हणून ऐकलं मी."

"जेवणाच्या सुट्टीत गोळ्या द्यायला गेलात," इन्स्पेक्टर म्हणाले. "उशी तेव्हाच दाबलीत. खुर्चीत आणून बसवलंत, अंग लवकर आखडू नये म्हणून एसी वाढवलात. काठी शोधली असेल तुम्ही खुर्चीशेजारी ठेवायला. सापडली नाही."

डॉक्टरांनी खुर्चीचे हात सोडले. मग अगदी पेशंटला समजावतात तशा आवाजात म्हणाले, "त्या मुलीला मशीनची गरज नव्हती. मी बसवलं. मोठा आवाज सतत कानात गेला आणि आता तिला खरंच ऐकू येईनासं झालंय. आबांनी तिच्या आईबापांना बोलावलं होतं, सगळं सांगायला. अशा आणखी किती आहेत, तेही सांगणार होते. मी पाया पडलो त्यांच्या. ते म्हणाले, माझ्या नाही, तिच्या पड."

५

चिमीला संध्याकाळ व्हायच्या आत सोडलं. मी तिला रिक्षातून घरी आणलं. वाटेत मी एकटीच बोलत होते. डॉक्टरांनी कसं कबूल केलं, काका कसे खाली बसले. ती रस्त्याकडे बघत होती.

घरी आल्यावर मी पाणी दिलं. ती भांडं हातात धरून बसली. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं.

"चिमे, माझं चुकलं," मी म्हटलं. "मी ऐकलं ते सांगितलं. तुझ्या विरोधात जाईल, हे कळत असून सांगितलं. मारायचं तर मार मला."

"तू खोटं थोडीच बोललीस."

"मग तू का नाही बोललीस? वर इतका वेळ काय करत होतीस एवढं सांगितलं असतंस तर?"

तिने भांडं खाली ठेवलं. "सांगितलं असतं तर मला फाशीच दिली असती, ताई."

मी तिच्यासमोर बसले.

"तू म्हणालीस आबा उठले. मी चहा घेऊन गेले. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी चहा ओतला, अंथरूण आवरलं, गोष्टी सांगत बसले. बाजारात काय झालं ते सांगितलं. ते मान हलवत होते. शाल खालीवर होत होती श्वासाने, मी पाहिली ना. मी विचारलं, एसी कमी करू का? ते 'हो' म्हणाले." तिचे ओठ सुकले होते. "एसी कमी करायला उठले, वाटेत त्यांच्या हाताला हात लागला. दगडासारखा थंड. मला वाटलं, आत्ता गेले. माझ्यासमोर. मी बडबडत राहिले आणि माझं लक्षच नव्हतं. पोलिसांना सांगणार काय? ते माझ्याशी बोलले, मग गेले, आणि खोलीत मी एकटी?"

मी तिच्याजवळ सरकले. "तुझ्यासमोर नाही गेले ते. तू बाजारात होतीस तेव्हाच गेले होते. तुझा काही दोष नाही त्यात."

हे ऐकून तिला बरं वाटेल अशी माझी समजूत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांतली भीती कमी व्हायच्याऐवजी वाढत गेली.

"मग मला 'हो' कोण म्हणालं?"

मी सांगायला लागले. डोकं आधीच ठरवून बसतं, मी तुला उठले म्हणून सांगितलं होतं, रोज ते तसेच बोलायचे, म्हणून. पेशंटला सांगते तसं सगळं नीट सांगितलं. ती ऐकत होती. मध्येच थांबवून तिने विचारलं, "ताई, तू आत्ता बोलतेयस ना?"

मी तिचा हात माझ्या तोंडाशी धरला आणि म्हटलं, बोलतेय. तरीसुद्धा ती उठली आणि भर उन्हात तिने घरातले सगळे दिवे लावले, अगदी मोरीतलासुद्धा. मी एकही बंद केला नाही.